उपलब्ध पाणी नावाची अफवा

सरकारी मराठीत सगळ्यात फसवा शब्द कुठला, असं कुणी विचारलं तर मी 'उपलब्ध' म्हणेन. 'प्रस्तावित' आणि 'तत्त्वतः मान्य' हे दोघे त्याच्या मागे. प्रस्तावित म्हटलं की निदान कळतं, की अजून काही झालेलं नाही. 'उपलब्ध' मात्र हातात काहीतरी ठेवल्यासारखा भास निर्माण करतो.

हे आत्ताच का आठवलं ते सांगतो. माझे एक मावसभाऊ बोधनला असतात, निजामाबाद जिल्ह्यात. तिथं मराठी घरं पिढ्यान् पिढ्या आहेत. दादांची भाताची जमीन निजामसागरच्या कालव्याखाली आहे. आमचं फोनवरचं बोलणं तब्येतीपासून सुरू होतं आणि गोदावरीच्या पाण्यावर येऊन भांडणात संपतं. यावेळी दादा म्हणाले, "तुम्हा लोकांकडं पाणी उपलब्ध आहे रे, तुम्हाला वापरता येत नाही. आम्ही वापरतो तर बाभळीवरनं बोंब मारता." त्यावर मी जे बोललो ते घाईत बोललो. इथं जरा सावकाश लिहितो. दादा हे वाचतात, हे मला माहीत आहे.

मी इंजिनिअर नाही. नोकरी बँकेत झाली. त्यामुळे ताळेबंद दिसला की आधी जमेच्या बाजूला काय काय धरलंय ते बघायची खोड आहे. पाण्याच्या ताळेबंदातही मी तेच करतो. आणि तिथं जे दिसतं ते एखाद्या शाखेत दिसलं असतं तर दुसऱ्या दिवशी इन्स्पेक्शन आलं असतं.

आधी भूगोल. भोकरदन केळणा नदीवर आहे. केळणा (काही जण खेळणा म्हणतात) जाफराबादपाशी पूर्णेला मिळते. पूर्णा बुलढाण्यात शिरते, तिथं खडकपूर्णा धरण. पुढं येलदरी, मग सिद्धेश्वर, मग गोदावरी, मग नांदेडचं विष्णुपुरी, मग धर्माबादजवळ बाभळी, आणि राज्याची हद्द ओलांडली की पोचमपाड, म्हणजे श्रीरामसागर. आमच्या गल्लीतून वाहून गेलेलं पाणी, वाटेत कुणी धरलं नाही तर, तेलंगणातल्या भाताच्या खाचरात जाऊ शकतं. म्हणजे दादांचं आणि माझं नातं मावशीइतकंच नदीकडूनही आहे!

आता जमेची बाजू. १९७५ सालच्या करारानुसार, आणि त्यावर शिक्कामोर्तब करणाऱ्या १९८० च्या गोदावरी लवादाच्या निवाड्यानुसार, गोदावरीवर पैठणपर्यंतचं आणि पूर्णेवर सिद्धेश्वरपर्यंतचं सगळं पाणी महाराष्ट्राला वापरायची मुभा आहे. त्याच्या खाली पोचमपाडपर्यंत नव्या वापरासाठी ६० टीएमसी. यातला 'सगळं' हा शब्द ऐकून आमच्याकडच्या पुढाऱ्यांच्या दोन पिढ्या खूश आहेत. पण सगळं म्हणजे किती? लवादानं हक्क दिला. पाणी देणं लवादाच्या हातात नव्हतं. रिकाम्या खात्यावर सही करायचा पूर्ण अधिकार मिळाला, एवढाच त्याचा अर्थ.

पाणी किती, हे ठरवायची पद्धत आहे. पन्नास-साठ वर्षांचे वार्षिक प्रवाह मोठ्यापासून लहानापर्यंत लावायचे आणि शंभरातल्या पंचाहत्तर वर्षी जेवढं पाणी येतंच, तो आकडा धरायचा. याला म्हणतात ७५ टक्के विश्वासार्हता. धरणं, कालवे, लाभक्षेत्र, सगळं या एका आकड्यावर उभं. चारातलं एक वर्ष तुटीचं जाईल हे त्यात मान्यच आहे.

कागदावर ठीक आहे. पण ते तुटीचं वर्ष शहाण्या मुलासारखं तीन वर्षं थांबून येत नाही. मराठवाड्यात २०१२ ला दुष्काळ, २०१४ ला दुष्काळ, २०१५ ला दुष्काळ, २०१८ ला पुन्हा. सात वर्षांत चार. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, ते सगळ्या देशानं टीव्हीवर पाहिलं. नंतर चांगली वर्षं आली की ही चारही वर्षं त्या लांबलचक यादीच्या तळाशी जाऊन बसतात आणि ७५ टक्क्यांचा आकडा फारसा हलत नाही. आकडा हलला नाही म्हणून 'उपलब्धता' कायम. २०१५ साली ज्यानं मोसंबीची बाग तोडून जळण केली, त्याला हा आकडा दाखवून बघा.

आणि भातासाठी तर हा वार्षिक आकडा जवळजवळ निरुपयोगी आहे. भाताला वर्षाचं पाणी लागत नाही, ठरलेल्या आठवड्यांत लागतं. चिखलणीला एकदम दीडदोनशे मिलिमीटर, मग खाचरात उभं पाणी, आणि पोटरीतून लोंबी निसवताना ताण बसता कामा नये. भंडारा-गोंदियाकडच्या धान शेतकऱ्याला विचारा. जुलै-ऑगस्टात वैनगंगा दुथडी वाहत असते, त्याचं त्याला कौतुक नसतं. सप्टेंबरअखेर पाऊस दगा देतो, तेव्हाचं एक पाणी त्याला हवं असतं. ते एक पाणी देण्यासाठीच तिकडं सहा हजारांवर मालगुजारी तलाव जुन्या लोकांनी बांधून ठेवले. कोहळी समाजाच्या त्या माणसांकडं विश्वासार्हतेची टक्केवारी नव्हती, पण पाणी कोणत्या पंधरवड्यात लागतं हे त्यांना माहीत होतं. आजच्या मूल्यमापनात मात्र वर्षाला एक आकडा, फार तर हंगामाला एक.

आता थोडं गणित करू. चितळे आयोगानं १९९९ च्या अहवालात राज्यातली उपखोरी पाण्यावरून पाच वर्गांत वाटली. लागवडीलायक जमिनीला हेक्टरी ३,००० घनमीटरच्या आत पाणी असेल तर ते खोरं तुटीचं, १२,००० च्या पुढं असेल तर अतिविपुल. आमची पूर्णा-दुधना तुटीच्या बाजूला. उन्हाळी भाताला चिखलणीपासून कापणीपर्यंत साधारण १,२०० मिलिमीटर पाणी धरतात. हेक्टरावर पसरलं तर ते होतात बरोबर १२,००० घनमीटर. म्हणजे आयोग ज्याला अतिविपुलतेची हद्द म्हणतो, तेवढं पाणी एक हेक्टर भात एका हंगामात मागतो, आणि उन्हाळी हंगामात त्यातलं जवळजवळ सगळं कालव्यातून यावं लागतं. दादांच्या भाषेत, एका टीएमसीत सुमारे २,३६० हेक्टर भात. तेच पाणी रब्बी ज्वारीला, ३०० मिलिमीटर धरून, चौपट जमीन भिजवतं. (दादा टीएमसीत बोलतात, आमचे अधिकारी दलघमीत. एक टीएमसी म्हणजे २८.३ दलघमी. निम्मी भांडणं मला वाटतं याच्यातच होतात.)

इथं एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर मला त्या 'एक किलो तांदूळ म्हणजे पाच हजार लिटर पाणी, म्हणून भात खाऊ नका' वाल्यांच्या रांगेत बसवाल. तो फॉरवर्ड मलाही महिन्यातून एकदा येतो. मुळात आकडाच सैल आहे. जगाची सरासरी किलोला अडीच हजार लिटरच्या आसपास सांगतात आणि त्यातलं बरंचसं खाली मुरून पुन्हा विहिरीत, नदीत येतं. शिवाय कोकणात अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तिथला शेतकरी भात लावणार नाही तर काय बाजरी लावेल? ते पाणी तो कुणाच्या तोंडचं काढून घेत नाही. गोंदियाच्या खरीप धानाचंही तसंच. माझं भांडण भाताशी नाही. भांडण आहे ते, तुटीच्या खोऱ्यांतून येणारं पाणी 'उपलब्ध' धरून त्यावर उन्हाळी भात उभा करणाऱ्या हिशोबाशी.

आणि हा हिशोब जुना आहे. निजामसागरचंच घ्या. मांजरा बीड जिल्ह्यात उगम पावते, लातूर-बीदरकडून वाहत जाते. तीही आमच्यासारखीच तुटीची. तिच्यावर १९३१ साली नवाब अली नवाज जंग यांनी २९.७ टीएमसीचं धरण पुरं केलं, पावणेतीन लाख एकर भिजवायला. त्या काळी ही मोठीच गोष्ट होती, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण चाळीसेक वर्षांत त्यात गाळ एवढा साठला की क्षमता उरली ११.८ टीएमसी. तो गाळ म्हणजे आमच्या बालाघाटची काळी माती. नंतर धरणाची उंची वाढवावी लागली, वर सिंगूर बांधलं तर त्याचं पाणी हैदराबादला प्यायला गेलं. कागदावरचं लाभक्षेत्र मात्र त्या प्रमाणात आटलं नाही. पोचमपाडचंही तेच. नेहरूंनी १९६३ ला पायाभरणी केली, मूळ क्षमता ११२ टीएमसी, आता सुमारे ८०. त्याच्या आराखड्यात बरंचसं क्षेत्र कमी पाण्याच्या पिकांचं होतं. कालव्याच्या तोंडाशी सगळ्यांनी भात लावला आणि शेपटाकडचे कोरडे राहिले. दादा, हे तुम्हीच मला सांगितलेलं आहे.

(आमच्याकडं भाताऐवजी ऊस म्हणा, बाकी सगळं तेच. १९७९ साली दांडेकर-देऊसकर-देशमुख समितीनं आठमाही पाणी द्या, बारमाही नको, असं सांगितलं होतं. जायकवाडीच्या कालव्यांवरून एकदा चक्कर मारून या आणि बारमाही उभं काय आहे ते बघा.)

बाभळीबद्दल. २.७४ टीएमसीचा बंधारा. २०१० च्या जुलैत चंद्राबाबू नायडू आमदार घेऊन तो बघायला निघाले आणि धर्माबादला अटक झाली, तेव्हा असं वाटावं की कुणी समुद्र अडवलाय. २८ फेब्रुवारी २०१३ ला सर्वोच्च न्यायालयानं बंधारा राहू दिला. अटी अशा: १ जुलै ते २८ ऑक्टोबर दरवाजे उघडे, आणि १ मार्चला ०.६ टीएमसी खाली सोडायचं. म्हणजे नदीला पाणी असतं तेव्हा अडवायचं नाही, पाणी ओसरलं की दरवाजे लावायचे, आणि जे काही साचेल त्यातलंही उन्हाळ्याच्या तोंडावर थोडं परत द्यायचं. कागदावर मात्र ६० टीएमसीच्या वाट्यात बाभळीचे २.७४ धरलेले. उपलब्ध! दादा म्हणतात आम्हाला वापरता येत नाही. मांडव घालायला परवानगी लग्न झाल्यावर मिळाली तर कोण जेवणार?

आता सगळ्यात मोठी गोष्ट, ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला.

तेलंगणानं प्राणहितेवर तुम्मिडीहट्टीला बंधारा घालायचं ठरवलं होतं. प्राणहिता म्हणजे आपल्या विदर्भाच्या वर्धा-वैनगंगेचं पाणी. केंद्रीय जल आयोगानं २०१५ साली हिशोब करून सांगितलं की तिथं ७५ टक्के विश्वासार्हतेनं १६५ टीएमसी आहे. पण त्यात ६३ टीएमसी हा वरच्या राज्यांचा अजून न वापरलेला वाटा आहे. म्हणजे गोसीखुर्दसारखे प्रकल्प पुरे झाले नाहीत म्हणून खाली वाहून जाणारं पाणी. बँकेत याला आम्ही काय म्हणतो? दुसऱ्याच्या खात्यातली न काढलेली रक्कम. ती तिजोरीत दिसते, पण तुमची नसते. तो माणूस चेकबुक घेऊन आला की संपलं.

गंमत बघा. तेलंगणानं बांधकामाची जागा बदलून मेडिगड्डाला कालेश्वरम प्रकल्प नेला, तेव्हा महाराष्ट्राच्या बुडित क्षेत्राच्या हरकतीबरोबर हेच कारण पुढं केलं: हे ६३ टीएमसी उद्या वरची राज्यं वापरतील, ते धरता येणार नाहीत. बरोबरच आहे! एवढं अचूक वाक्य पाण्याच्या राजकारणात क्वचित ऐकायला मिळतं. मग तेच तत्त्व पोचमपाडला का नाही? पूर्णेच्या, मांजरेच्या, दुधनेच्या वरच्या अंगाला उद्या कुणी हक्काचं पाणी अडवलं तर पोचमपाडच्या जमेतून ते आधीच वजा आहे का? नाही. म्हणून बाभळीच्या पावणेतीन टीएमसीवर एवढा गहजब.

त्या कालेश्वरमचं पुढं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. २०१९ च्या जूनमध्ये उद्घाटन, २१ ऑक्टोबर २०२३ ला मेडिगड्डाचे खांब खचले. आणि २०२४ च्या खरिपात तिथल्याच मुख्यमंत्र्यांनी सांगितलं की कालेश्वरमचं पाणी न घेता राज्यात दीडशे लाख टनांवर धान पिकलं. यात राजकारण आहे हे कळतं. पण दावा निम्मा जरी खरा धरला, तरी लाखभर कोटींच्या योजनेतली 'गरज' कशी काढली होती, असा प्रश्न पडतोच. पाण्याची उपलब्धता फुगवलेली असते तशी मागणीही फुगवलेली असू शकते.

आणि एवढं करून तो उन्हाळी भात कुणाला हवा होता? २०२१-२२ मध्ये केंद्रानं तेलंगणाचा उकडा तांदूळ घ्यायला नकार दिला. यासंगीचा, म्हणजे रब्बीचा धान तिथल्या उन्हात गिरणीत तुटतो, म्हणून तो उकडावा लागतो. गोदामं आधीच भरलेली. त्यासाठी एप्रिल २०२२ मध्ये दिल्लीत मुख्यमंत्री धरण्याला बसले. तुटीच्या खोऱ्यांतून जमा केलेलं पाणी, विजेवर उचललेलं पाणी, त्याचा तांदूळ, आणि तो घ्या म्हणून दिल्लीत धरणं. तिकडं शेतकरी भात लावतो त्यात त्याचा दोष नाही. हमीभावानं भरवशाची खरेदी ज्या पिकाची होते तेच तो लावणार. बाजरी भरवशानं कुणी विकत घेत असतं तर त्यानं बाजरी लावली असती. आमच्या भोकरदनला बाजरी पिकते, मका पिकतो, पिंपळगाव रेणुकाईला मिरचीचा बाजार भरतो, आणि रेशनच्या पोत्यातून तांदूळ येतो. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरड धान्य एक रुपये किलोनं द्यायचं लिहिलेलं होतं. किती जणांना मिळालं ते ज्याच्या त्याच्या रेशनकार्डावर बघावं.

थोडं विषयांतर. भोकरदन म्हणजे जुनं भोगवर्धन. इथल्या दात्यांची नावं सांची-भरहुतच्या शिलालेखांत आहेत. १९७३ च्या उत्खननात इथं हस्तिदंताची एक मूर्ती मिळाली, तिची बहीण शोभेल अशी मूर्ती इटलीत पाँपेईला सापडली होती. दोन हजार वर्षांपूर्वी एवढा व्यापार करणारं गाव याच केळणेच्या पाण्यावर जगत होतं. त्यांच्याकडं उपलब्धतेचं प्रमाणपत्र नव्हतं. असो.

आता घरचा आहेर, नाहीतर दादा म्हणतील फक्त आमच्यावर घसरलास. महाराष्ट्रानंही अगदी तेच चालवलंय. पूर्णेवर आधी येलदरी झालं, मग त्याच्या वर खडकपूर्णा. परभणीकर म्हणतात आमचं धरण भरत नाही, आणि ते चूक बोलत नाहीत. खडकपूर्णाच्या वर आम्ही बसलोय: जुई, धामणा, कोल्हापुरी बंधारे, २०१४ नंतरचं जलयुक्त शिवार, शेततळी आणि नदीकाठच्या विहिरी. यातली प्रत्येक गोष्ट करणाऱ्याच्या दृष्टीनं योग्य आहे. मी स्वतः शेततळ्याच्या बाजूनं आहे. पण प्रत्येक नव्या शेततळ्यासोबत खालच्या धरणाचं 'उपलब्ध' पाणी कमी करून लिहायची पद्धत नाही. एकच लिटर तीन वह्यांत जमा आहे.

आणि सगळ्यावर कळस म्हणजे वैनगंगा-नळगंगा नदीजोड. गोसीखुर्दपासून बुलढाण्यापर्यंत सव्वाचारशे किलोमीटर कालवा, १,७७२ दलघमी पाणी. २०२४ मध्ये राज्यानं मंजुरी दिली. नळगंगा आमच्या शेजारच्या जिल्ह्यात. आमच्या भागात आनंदीआनंद आहे, आणि मला त्यात मिठाचा खडा टाकायचाय. १,७७२ दलघमी म्हणजे सुमारे साडेबासष्ट टीएमसी. जल आयोगानं तुम्मिडीहट्टीच्या हिशोबात 'वरच्यांचा न वापरलेला' म्हणून धरले होते ६३. योगायोग असेल. पण गोसीखुर्दची पायाभरणी १९८८ ला झाली, अडीच लाख हेक्टर भिजवायचं ठरलं, आणि आजही भंडारा-चंद्रपूरकडचे धान शेतकरी शेवटच्या पाण्यासाठी कालव्याची वाट बघतात. त्यांच्या शेतात न पोचलेलं पाणी नकाशावर 'अतिरिक्त' झालं आणि आमच्याकडं वळवायला मोकळं झालं. दादांचं सरकार जे ६३ टीएमसी धरायला धजावलं नाही, ते आमचं सरकार धरून बसलंय. निदान तेवढाच मोठा आकडा तरी.

माझ्या तालुक्याच्या जवळ पाणी येणार असेल तर मला नकोय का? हवंच आहे. पण मला ते पवनीच्या शेतकऱ्याच्या सप्टेंबरातल्या पाण्यातून नको. म्हणून माझी मागणी साधी आहे. प्रत्येक उपखोऱ्याचा हिशोब वर्षाचा नको, पंधरवड्याचा द्या. त्यात वरच्यांचा न वापरलेला वाटा वेगळ्या रकान्यात, लाल शाईनं. गाळ वजा करून आजची क्षमता लिहा. आणि चारातलं ते चौथं वर्ष आलं तर कुणाचं पाणी आधी तुटणार, हे आजच नावानिशी लिहून ठेवा. राज्यात २००३-०४ पासून जललेखा अहवाल निघतो, १५ ऑक्टोबरचा साठा बघून कालवा सल्लागार समित्या पाण्याच्या पाळ्या ठरवतात. म्हणजे वह्या आहेत. रकाने बदलायचेत फक्त.

दादांना हे सगळं फोनवर सांगितलं असतं तर त्यांनी मधेच तोडलं असतं. परवा त्यांचा निरोप आला, यासंगीचं रोप टाकलंय, दोन एकर कमी. का कमी, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही अजून विचारलेलं नाही.